लहान झालेले जठर आणि लांबलेला उपवास

मुलुंडमधील एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणू या. घर काल्पनिक आहे. पण त्यातील माणसे अनेकांना ओळखीची वाटतील. आजींचे वय ६६. पाच वर्षांपूर्वी त्यांचे वजन १०४ किलो होते. गुडघ्यांमुळे जिना बंद झाला होता आणि मधुमेहाच्या गोळ्या दरवर्षी वाढत होत्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली. दीड वर्षात वजन ६९ किलोंवर आले, गोळ्या कमी झाल्या आणि आजी पुन्हा भाजी आणायला स्वतः बाजारात जाऊ लागल्या. गेल्या दोन वर्षांत मात्र काटा हळूहळू सरकत ७६ वर पोहोचला.

सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणीने सल्ला दिला, "अगं, दिवसातून दोनदाच जेव. मधे काही म्हणजे काही खायचे नाही." नातवाने मोबाइलवर पाहून सांगितले, "आजी, सोळा तास उपवास आणि आठ तास खाणे." आजींनी दुसऱ्या दिवसापासून नाश्ता सोडला. आठवड्याभरात वजन एक किलोने उतरले. पण देवापुढून उठताना त्यांना भोवळ येऊ लागली. सुनेने काळजीने विचारले, "आई, हे तुम्हांला झेपणारे आहे का?"

प्रश्न अगदी योग्य आहे. इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजेच ठरावीक तासांचा उपवास, हा निरोगी प्रौढ माणसासाठी एक विषय आहे आणि ज्याचे जठर शस्त्रक्रियेने लहान केले आहे अशा साठीपुढच्या व्यक्तीसाठी तो पूर्णपणे वेगळा विषय आहे.

शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते?

मुंबईत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. २०११ साली नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हा शब्द मराठी घरांत पोहोचला. मार्च २०१७ मध्ये इजिप्तहून आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या एका महिलेवर चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा तो घरोघरी चर्चेचा झाला.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार सर्वाधिक प्रचलित आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. काढलेल्या भागातच भूक चाळवणाऱ्या 'घ्रेलिन' या संप्रेरकाची मोठी निर्मिती होत असते. म्हणून भूकही कमी होते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न कमी मावते आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व बी-१२ यांचे शोषणही घटते.

म्हणजे या रुग्णाला दोन मर्यादा कायमच्या लाभलेल्या असतात. एका वेळी फार खाता येत नाही आणि खाल्लेल्यातील सर्व काही अंगी लागत नाही. उपवासाचा विचार या दोन मर्यादांच्या चौकटीतच करावा लागतो.

थोडे वजन परत येणे ही हार नव्हे

शस्त्रक्रियेनंतर वजन साधारणपणे पहिल्या एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली जाते. त्यानंतर काही किलो परत येणे हा बहुतेकांचा अनुभव असतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली होती. आपल्या आजींची शस्त्रक्रिया वेगळ्या प्रकारची असली, तरी त्यांचा हिशेब फारसा निराळा नाही. १०४ वरून ७६, म्हणजे आजही त्यांचे वजन मूळ वजनापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमीच आहे. घरच्यांनी "एवढा खर्च करून काय उपयोग झाला?" असा सूर लावण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

अर्थात, वाढ सतत होत असेल तर कारण शोधलेच पाहिजे. ते बहुधा जेवणात नसते, तर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत असते. फरसाणाची चिमूट, चहाबरोबर दोन खारी, नातवाच्या ताटात उरलेला घास, दूरदर्शनसमोर वेफर्स. लहान जठर एका वेळी अडवते. पण थोडे थोडे दिवसभर खाल्ले तर ते कुठेच अडवत नाही. गोड पेये, आइस्क्रीम आणि आटवलेले दूध तर त्यातून सहज सरकतात. काही वेळा कारण औषधांत असते. स्टेरॉइड आणि इन्सुलिनमुळे वजन वाढू शकते. थायरॉइडचे काम मंदावणे, कमी झालेली हालचाल, अपुरी झोप हीही कारणे असतात. म्हणून वजन वाढू लागले की पहिली भेट शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ यांची घ्यावी. उपवासाचा विचार त्यानंतर.

दोन जेवणांचा विचार कोठून आला?

महाराष्ट्रात हा विचार परका नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची कल्पना आपल्या व्याख्यानांतून मांडली. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिला चळवळीचे रूप दिले. खरी भूक लागेल तेव्हा दोन वेळा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यावे आणि रोज चालावे, हे त्याचे सूत्र. वारंवार खाल्ल्याने इन्सुलिन वारंवार स्रवते, ते टाळावे हा त्यामागचा युक्तिवाद. असंख्य मराठी कुटुंबांनी तो आपलासा केला आणि अनेकांना चटकमटक खाण्याच्या सवयीतून सुटण्यासाठी त्याची मदतही झाली.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांतून 'सोळा-आठ' आले. २०१६ साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना पेशींच्या 'ऑटोफॅजी'वरील, म्हणजे पेशी स्वतःतील टाकाऊ भाग मोडून पुन्हा वापरतात त्या प्रक्रियेवरील, संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि उपवासाच्या प्रचाराला ते नाव चिकटले. त्यांचे मूळ संशोधन किण्वाच्या पेशींवर झाले होते. वजन टिकवण्यासाठी कोणी किती तास उपाशी राहावे, हे त्या संशोधनाने सांगितलेले नाही.

प्रयोगांत काय दिसले?

२०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच खाल्ले, दुसऱ्याने नेहमीची तीन जेवणे घेतली. दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट, उपवास करणाऱ्यांत चरबीखेरीजचे वजन, म्हणजे मुख्यतः स्नायूंचे, घटल्याची चिंता संशोधकांनी व्यक्त केली. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींचा वर्षभर अभ्यास झाला. सर्वांनी उष्मांक कमी केले. त्यांपैकी निम्म्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्ले. वर्षाअखेर एका गटाची घट सरासरी आठ किलो, तर दुसऱ्याची सव्वासहा किलोंच्या आसपास. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक लक्षणीय ठरला नाही.

तात्पर्य असे की, घड्याळात स्वतःची जादू नाही. खाण्याची वेळ आखल्याने कोणाचे रात्रीचे अरबट-चरबट थांबत असेल, तर वजन त्यामुळे उतरते. तेवढाच लाभ नाश्ता न सोडताही मिळवता येतो. आणि हे प्रयोग शाबूत जठराच्या माणसांवरचे होते, हेही विसरता कामा नये.

ताटातील हिशेब

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. वय वाढते तसे स्नायू आपोआप झिजतात. त्यात वजन झपाट्याने उतरले की ते अधिक झिजतात. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर सारे घर अंथरुणाला बांधले जाते. म्हणून ज्येष्ठांसाठी काट्यावरील आकड्यापेक्षा मांडीतील बळ मोलाचे आहे.

आता आजींच्या जठरात हे ६० ग्रॅम कसे बसतात ते पाहू. सकाळी मुगाची दोन लहान धिरडी आणि थोडे दही, सुमारे १२ ग्रॅम. अकराच्या सुमारास पेलाभर दूध, ७ ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट वरण, ५० ग्रॅम पनीर, भाजी आणि अर्धी भाकरी, १८ ग्रॅम. साडेचारला एक उकडलेले अंडे किंवा मूठभर फुटाणे, ६ ग्रॅम. संध्याकाळी माशाचा एक बेताचा तुकडा, शाकाहारी असल्यास सोयाबीन किंवा पनीर, आणि थोडी डाळ, १७ ग्रॅम. बेरीज बरोबर ६०.

नाश्ता आणि अकराचे दूध गळले की ही बेरीज ४१ वर येते. दुपारचे आणि संध्याकाळचे अशी दोनच जेवणे ठेवली तर अवघी ३५. ज्याचे जठर शाबूत आहे तो माणूस दोन जेवणांत दुप्पट जेवून तूट भरून काढू शकतो. आजींना ते शक्य नाही. तसा प्रयत्न केला तर छातीत अडकल्यासारखे होते, उलटी होते. दोन जेवणांचे सूत्र त्यांच्या बाबतीत इथे, साध्या बेरजेतच, अडते.

ठरवून, ताटलीत घेऊन खाल्लेला साडेचारचा अल्पोपाहार आणि येता-जाता डब्यात घातलेला हात यांतील फरक मात्र ओळखायला हवा. पहिला औषधासारखा, दुसरा वजन वाढवणारा.

पाण्याचाही असाच हिशेब आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागतात. पण लहान जठरात अन्न आणि पाणी एकत्र मावत नाही. जेवणाबरोबर पाणी घ्यायचे नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचे, हा नियम बहुतेकांना दिलेला असतो. म्हणून घोट घोट पाणी दिवसभर पसरूनच प्यावे लागते.

गोळ्यांचे वेळापत्रक तिसरे. कॅल्शियम एका दमात शोषले जात नाही, ते दोन-तीन वेळा विभागून घ्यावे लागते. लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर. शिवाय बी-१२, जीवनसत्त्व ड आणि बहुजीवनसत्त्वाची गोळी. "आज उपवास आहे, गोळी नको" असे म्हणून नागा पडू लागला, तर परिणाम महिन्यांनी दिसतो: पंडुरोग, मुंग्या, ठिसूळ हाडे. या गोळ्या जन्मभराच्या आहेत आणि पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही, हे घरात स्पष्ट बोलून ठेवावे.

मग उपवासाला जागाच नाही का?

आहे, आणि ती जागा रात्रीची आहे. संध्याकाळी साडेसातला जेवण संपवावे आणि सकाळी साडेसातला नाश्ता करावा. बारा तासांची ही विश्रांती बहुतेकांना सोसते. पोषणाची पाचही ठिकाणे शाबूत राहतात आणि रात्रीचे खाणे तेवढे बंद होते. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर अनेकांना आम्लपित्ताचा, घशाशी येण्याचा त्रास होतो. झोपण्यापूर्वी तीन तास जेवण झालेले असले की तोही कमी होतो. यापेक्षा लांब उपवास करायचा असेल तर तो स्वतःच्या डॉक्टरांना विचारून, रक्ततपासणी करूनच.

उपनगरांत अडचण येते ती इथेच. मुलगा अंधेरीच्या कार्यालयातून निघतो, घाटकोपरला गाडी बदलतो आणि मुलुंडला पोहोचेपर्यंत नऊ वाजून जातात. बोरिवलीच्या घरांतही हेच चित्र. सर्वांची पाने दहाला वाढली जातात. आजी मुलासाठी थांबतात, थांबताना भूक लागते, मग दोन बिस्किटे, थोडा चिवडा. आणि दहाला पुन्हा जेवण. वजनाचे गणित बऱ्याच घरांत या दोन-अडीच तासांत बिघडते.

त्यावर उपाय घरानेच करायचा आहे. आजींचे पान साडेसातला वाढावे. दहाला त्या सर्वांसोबत बसतीलच, कारण त्यांना भूक अन्नाची नसते, सहवासाची असते. पण समोर ताट नसावे, कोमट पाण्याचा पेला असावा. "आई, एक घास तरी घ्या" हा आग्रह प्रेमाचा असला, तरी तो सोडावा.

एकादशी, संकष्टी आणि चौविहार

आपल्याकडे उपवास हा श्रद्धेचाही विषय आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आहे. साबुदाण्यात जवळजवळ सारे पिष्टच असते, प्रथिने नावापुरती. बायपास झालेल्या काहींना पिष्ट आणि साखर अधिक खाल्ल्यावर एक ते तीन तासांत घाम, थरथर, गळून गेल्यासारखे होणे असा त्रास होतो. रक्तातील साखर एकाएकी खाली गेल्याने तो होतो. अशांनी साबुदाण्याची खिचडी दूरच ठेवावी. एकादशीला दही, दूध, पनीर, राजगिऱ्याची लहान भाकरी, अर्धी वाटी भगर आणि दाण्याची थोडी आमटी असे पान मांडता येते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहताना दूध-ताक चालू ठेवावे. निर्जळी उपवास मात्र या रुग्णांनी करू नये.

घाटकोपर-मुलुंडच्या जैन कुटुंबांत चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही. लवकर जेवण्याची त्यातील शिस्त हितकारक आहे. पण रात्रभर पाणी नसल्याने, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, डॉक्टरांशी बोलूनच ते व्रत पाळावे. आजारी आणि वृद्ध माणसांना व्रतात सवलत देण्याची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

यांनी लांब उपवास टाळावा

• शस्त्रक्रिया होऊन वर्षही न झालेले रुग्ण.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे मधुमेही. उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.
• डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणारे. उपवासात शरीरातील पाणी घटते आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो.
• मूत्रपिंडाचा विकार, वारंवार पडणे, अशक्तपणा किंवा पंडुरोग असलेले.
• सांधेदुखीसाठी वेदनाशामक घेणारे. बायपासनंतर या गोळ्यांनी जठराच्या जोडापाशी व्रण होऊ शकतो. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत, उपाशीपोटी तर मुळीच नाही.

घरच्यांनी काय पाहावे?

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर पाहावे, रोज नको. महिन्यातून एकदा आजी-आजोबांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगावे. पूर्वी जमत होते आणि आता जमत नसेल, तर वजन उतरले असले तरी ते चुकीच्या जागेवरून उतरत आहे. लघवी गडद होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना भोवळ, केस फार गळणे, बोटांना मुंग्या या खुणा दिसल्या की उपवास थांबवून डॉक्टरांना गाठावे. सतत उलट्या होत असतील, एकाचे दोन दिसत असेल किंवा चालताना झोक जात असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बी-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने मेंदूवर परिणाम होऊ शकतो आणि तेथे विलंब परवडत नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, जीवनसत्त्व ड, कॅल्शियम यांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, पाच वर्षे उलटून गेली असली तरीही.

आजींच्या घराकडे परत येऊ. सुनेच्या आग्रहाने त्या आपल्या आहारतज्ज्ञांकडे गेल्या, तर सल्ला काय मिळेल याची कल्पना आता वाचकांना आली असेल. नाश्ता परत सुरू करा. साडेसातला जेवा. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर जाऊ द्या. संध्याकाळी अर्धा तास चाला आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पाण्याच्या लहान बाटल्या हातांत घेऊन व्यायाम करा. तीन महिन्यांनी काटा ७६ वरून ७४ वर आला तर उत्तम. ७६ वरच थांबला तरी वाईट नाही. सकाळी देवापुढून उठताना हात टेकावा लागला नाही आणि भोवळ आली नाही, तर समजावे की आजींचे ठीक चालले आहे.